तराफ्यावरचं चार्जिंग

अप्पा कुणाच्याही घरी गेले की पाणी मागत नसत, प्लग मागत.

"पाणी राहू द्या. पंधरा अँपियरचा प्लग असंल तर बगा."

घरचा माणूस गोंधळून आत बघेपर्यंत अप्पांनी डिकीतून पिवळ्या वायरचं वेटोळं काढून खांद्यावर टाकलेलं असायचं आणि ते खिडकी शोधत भिंतीच्या कडेनं निघालेले असायचे. वायर दारातून घेणं त्यांना पसंत नव्हतं. दारात माणसं अडखळतात, म्हणायचे. एकदा प्लग बसला, गाडीवर हिरवा दिवा लागला, की मग चपला काढून आत येणार, मांडी घालून बसणार आणि म्हणणार, "हं, बोला आता. दोन तास तरी हलत न्हाई मी."

ते माझे घरमालक. बिदरला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी राहायला आलो तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. सगळं आयुष्य गुलबर्ग्याच्या तूरडाळीच्या बाजारात गेलेलं. दुकान मुलांवर सोपवून, बिदरची हवा थंड म्हणून इथं येऊन राहिलेले. बाजार सुटला, पण बाजाराची एक सवय सुटली नाही. माल पोचवायला गेलेला ट्रक रिकामा परत आला की त्यांना आयुष्यभर जेवण गोड लागलं नाही. जाताना डाळ नेली तर येताना पेंड आणा, मीठ आणा, काहीच नाही मिळालं तर कुणाचा तरी संसार आणा, पण रिकामी खेप नको. हा नियम त्यांनी ट्रकवरून उचलून साऱ्या जगाला लावला होता. गच्चीवर जाताना ते हातात एक कुंडी घेऊन चढत आणि उतरताना दुसरी घेऊन उतरत. त्यामुळे आमच्या कुंड्या सतत प्रवासात असत, आणि तुळस सोडून एकही झाड नीट धरलं नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेतली ती याच नियमापायी. पेट्रोलची गाडी उभी असली की नुसती उभी असते, म्हणाले. ही उभी असली की जेवते. मुलं गुलबर्ग्याहून खास येऊन बसली होती, मोठी डिझेल गाडी घेऊन देतो म्हणत होती. अप्पांनी ऐकून घेतलं आणि एका डॉक्टरची वापरलेली, पिकल्या पपईच्या रंगाची छोटी गाडी घरी आणली. एकदा चार्ज केली की ती किती पळते ते कागदावर छापलेलं होतं. पळायची त्याच्या निम्मी. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "कागदावरचं अंतर म्हंजे सोयरिकीतला पोराचा पगार. निम्मा धरून चालायचं, मग संसार सुखाचा होतो."

गाडीच्या आधी त्यांच्याकडे स्कूटर होती, बॅटरी काढता येणारी. मुलांकडे गुलबर्ग्याला जाताना ते बॅटरी पिशवीत घालून रेल्वेत घेऊन जात. स्कूटर बिदरलाच, बॅटरी मात्र गावाला. इतका वेळ नुसतं बसून राहायचं आणि काहीच भरून घ्यायचं नाही, हे त्यांना सोसत नसे. डब्यात मोबाइलसाठी जे प्लग असतात त्याला चार्जर लावायचा, बॅटरीवर शाल पांघरायची आणि शेजारी बसायचं. एका खेपेला तिकीट तपासनीस आला. शालीखालून दिवा लुकलुकत होता.

"ये क्या है चाचा?"

"मरीज है."

"क्या हुआ इसको?"

"कमजोरी है. गुलबर्गा तक सलाइन चलना."

तपासनीस शाल उचलून बघत होता तेवढ्यात डब्यातले पंखे बंद पडले. पुढच्या स्टेशनवर रुग्णासकट अप्पांना उतरवण्यात आलं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि शेवटी न चुकता म्हणत, "चूक माझीच. पण इचार चुकीचा न्हवता." त्यांचं म्हणणं, रेल्वेनं सरळ मोटारगाड्याच चढवून घ्याव्यात. बिदरला गाडी डब्यावर चढवली, प्लग लावला, आपण आत घोरायचं, गुलबर्ग्याला उतरवताना पोट भरलेलं. स्टेशनवरच्या साहेबांना ते हे प्रत्येक भेटीत सांगत. साहेब दर वेळी "वर कळवतो अप्पा" म्हणत. वर म्हणजे कुठं, ते अप्पांनी कधी विचारलं नाही.

हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मी हसतही असे. पण एक गोष्ट आहे. हुमनाबादला त्यांच्या ओळखीचं कुणी वारलं होतं. अप्पा भेटायला गेले आणि त्या घरातही त्यांनी प्लग मागितला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गेलेल्या माणसाच्या मुलानं उठून स्वतः वायर आत घेतली. बाकीची माणसं रीतीप्रमाणे थोडा वेळ बसून, हात जोडून गेली. अप्पांना जाता येईना, गाडीत दमच नव्हता. ते दुपारभर त्या मुलाजवळ बसले. पुढं तो मुलगा आमच्या घरी आला होता तेव्हा मला म्हणाला, "सगळे आले काका. बसले एकटे अप्पाच."

आता माझं सांगतो. अप्पांबद्दल लिहायचं आणि स्वतःला झाकून ठेवायचं, हे जमेल असं वाटलं होतं. जमत नाही.

मी बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कमी बोलणारा माणूस अशी माझी ख्याती आहे आणि लोक ती चांगल्या अर्थानं घेतात. बायको गेली तेव्हा मुलगी दहावीला होती. पुढं आम्ही दोघंच. मुलगी शिकली, शाळेवर लागली. शाळा धरणापलीकडच्या एका गावात. धरणाच्या पाण्यानं तिकडचा जुना रस्ता गिळला, तेव्हापासून त्या गावाला जायचं तर लांबचा वळसा, नाही तर तराफा. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांतल्याच एका घरानं दोन लोखंडी नावा जोडून, वर फळ्या ठोकून, इंजीन बसवून हा तराफा केलेला. त्यावर माणसं जातात, मोटारसायकली जातात, म्हशी जातात आणि जपून चढवली तर एखादी मोटारही जाते.

मुलगी रोज त्या तराफ्यानं शाळेला जायची. तराफा चालवणाऱ्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं.

तो आमच्या जातीचा नव्हता. हे वाक्य मी आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. माझ्या नात्यातल्या लोकांनी ते माझ्याऐवजी भरपूर उच्चारलं. मुलीनं मला विचारलं, "बाबा, तुमचं काय म्हणणं हाय?" मी नाही म्हणालो नाही. रागावलोही नाही. मी काहीच म्हणालो नाही. ती आठ दिवस विचारत राहिली, मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. नवव्या दिवशी तिनं विचारणं सोडलं. लग्न झालं, मी गेलो नाही. शेजारी विचारायला लागले, तेव्हा मी ते घर सोडून अप्पांच्या वरच्या खोल्यांत आलो. "घरी कोन कोन असतंय?" त्यांनी विचारलं होतं. "मी एकटाच," मी म्हणालो. ते म्हणाले, "बरं. मोटर सकाळी लावतो, पानी भरून घ्या." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

अप्पांचं तुरीचं रान धरणापलीकडे होतं. वळसा घालून गेलं तर गाडी पोचायची, पण परत यायची नाही. तराफ्यानं गेलं तरी थोडकं कमी पडायचं. तेवढं थोडकं मिळवायची जागा त्यांनी शोधून काढली. तराफ्यावर एक जनरेटर होता. पलीकडच्या शेतकऱ्यांचं दूध नासू नये म्हणून तराफ्यावर फ्रीजर ठेवलेला, त्याच्यासाठी. अप्पांनी तिथं गाडी लावली. पाणी ओलांडायला लागणाऱ्या अर्ध्या तासात गाडीच्या पोटात आठ-दहा किलोमीटर जात. जाताना तेवढे, येताना तेवढे. दोन्ही खेपांना भरलं तरच घर गाठता येई. एक जरी चुकली तरी गाडी वाटेतल्या हळ्ळीखेडच्या अलीकडंच मान टाकणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि रोज ऐकून ऐकून मलाही.

गावकरी चेष्टा करायचे. "अप्पा, डिझेल जाळून करंट घ्यायलाव, मग डिझेलचीच गाडी घ्यायची की."

"जनरेटर दुधासाठी चालूच हाय ना?"

"हाय."

"मग एवढा अर्धा तास मी हात बांधून कामून बसू?"

पहिल्या दिवशी चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसला. अर्थिंग नाही. तराफा चालवणाऱ्या मुलानं डोकं लढवलं आणि वायरचं एक टोक लोखंडी नावेला आवळून बांधलं. नाव पाण्यात, पाणी जमिनीवर. दिवा हिरवा झाला. त्या दिवशी संध्याकाळी अप्पा हे मला जिन्यात उभं करून रंगवून सांगत होते. मुलगा हुशार हाय, शांत हाय, कुणाला उलटून बोलत न्हाई. मी "हो का" म्हणालो. तो माझा जावई होता. अप्पांना तेव्हा ते माहीत नव्हतं.

कळलं कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र एका संध्याकाळी कळलं की त्यांना कळलंय. रानातून आले, जिन्याखाली उभे राहिले आणि नेहमीसारखं वर बघून चार्जिंगचा अहवाल द्यायला लागले.

"आज व्होल्टेज बरं होतं. वारा होता म्हनून तराफ्याला उशीर, त्यामुळं दोन किलोमीटर जास्तीचं भरलं. शाळेच्या बाई होत्या तराफ्यावर. खोकला झालाय त्यांना, पन औषध चालू हाय. वायर गरम झाली न्हाई."

मी वर कठड्याला धरून उभा. ते आत गेले.

मग हे चालूच राहिलं. आठवड्यातून दोनदा अप्पा रानात जात आणि येऊन अहवाल देत. प्लग, व्होल्टेज, वारा, म्हशी, आणि मधेच कुठंतरी एक वाक्य. बाईंची बदली व्हायलीय म्हनत होते, थांबली. बाईंनी नवा चष्मा घेतला. बाईंनी इचारलं, तुमचे वरचे भाडेकरू गोळ्या येळेवर घेतेत का म्हनून. मी कधी एक प्रश्न विचारला नाही. त्यांनी कधी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पण अप्पा रानात गेले की मी कारखान्यातून वेळेवर निघायचो आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा बघत राहायचो. एखाद्या माणसाला भीक घालायची आणि ती भीक आहे हे त्याला कळू द्यायचं नाही, हे किती अवघड असतं. अप्पांना ते जमत होतं.

पावसाळा संपता संपता अहवालात बदल झाला. "बाईंना पायऱ्या चढू नको म्हनलंय डॉक्टरनी." मला अर्थ लागायला रात्र जावी लागली. पुढच्या अहवालांत तो लागतच गेला. पायाला सूज हाय. सासू चांगली हाय, हातात काही धरू देत न्हाई. आणि मग एके दिवशी अप्पांनी पहिल्यांदाच आधी बाईंचं सांगितलं, नंतर व्होल्टेजचं.

"अमावस्येनंतर आठवा लागतोय. आठव्यात बाई पानी ओलांडत न्हाई. आपल्याकडची रीत तुमाला मी काय सांगावं. नवव्यात कळा कवा येतील नेम न्हाई, तराफा रातचा चालत न्हाई, वळशाचा रस्ता खड्ड्यांचा. दवाखाना हिकडं बिदरला. सासू म्हनायली, पहिलं बाळंतपन माहेरी, पन न्यायला माहेरचं मानूस आल्याबिगर सून उंबऱ्याभाईर कशी काढू? तिच्या लेकीच्या येळंला लेकीची सासूबी तशीच अडून बसली होती म्हने." चपला काढायला वाकले. "व्होल्टेज आज कमीच होतं."

अमावस्येला चार दिवस होते. त्या चार दिवसांतले दोन मी नेहमीसारखे घालवले. तिसऱ्या दिवशी रविवार. सकाळी अप्पांनी खालून हाक मारली.

"सुट्टी हाय ना? चला माझ्यासंगं. वायर धरायला मानूस पाहिजे."

"अप्पा, तराफ्यावर मी..."

"तराफ्यावर नावाडी असतो. व्याही-जावई जमिनीवर असतेत. पान्यावर कुनाचं नातं लागत न्हाई."

मी गेलो. गाडीत मागच्या सीटवर दोन उशा ठेवलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. हळ्ळीखेड मागं पडलं, ज्वारीची कोवळी रानं आली, मग उतार आणि पाणी. वाटेत अप्पा सारखे बोलत होते, मुलांच्या दुकानाबद्दल, तुरीवर पडलेल्या अळीबद्दल. चार्जच्या काट्याकडे माझं लक्ष गेलं. काटा नेहमीपेक्षा खाली होता.

"काल लाइट न्हवती," अप्पा म्हणाले. काल लाइट होती. मी रात्री पंखा लावून झोपलो होतो.

तराफ्यावर गाडी चढवायला फळ्या टाकल्या गेल्या. फळ्या टाकणारा माणूस वर बघून थांबला. मी त्याला लग्नाआधी एकदाच बघितलं होतं, तेही लांबून. तो जवळ आला, हात पुसले आणि म्हणाला, "या मामा." एवढंच. मग अप्पांकडे वळून त्यानं रोजच्यासारखं जनरेटरच्या वायरचं टोक उचललं आणि चार्जरसाठी हात पुढं केला.

अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "आज नको," म्हणाले.

जावई थबकला. "नको? जाताना न्हाई भरली तर..."

"नको म्हनलो न बाबा. डोकं दुखायलंय त्या जनरेटरच्या आवाजानं."

जनरेटर तर चालूच होता. तो चार्जिंगसाठी वेगळा आवाज करत नाही. जावयाला काय वाटलं माहीत नाही, त्यानं वायर खाली ठेवली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते सरळ समोरच्या पाण्याकडे बघत होते. अख्ख्या आयुष्यात एकही खेप रिकामी जाऊ न दिलेला माणूस हात बांधून बसला होता.

मला सगळं समजत होतं. आता नाही भरलं तर पलीकडे गाडी गावाच्या चढापर्यंत जाईल, फार तर पुढच्या घरापर्यंत. तिथं तासन्‌तास लावून ठेवल्याशिवाय परत यायची नाही. पलीकडच्या गावात अप्पांच्या ओळखीचं, पंधरा अँपियरचा प्लग असलेलं घर एकच. मी एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं. "अप्पा, लावून घ्या ना," एवढंच. जावई दोन हातांच्या अंतरावर उभा होता. वायर त्याच्या पायाशी होती. अर्धा तास होता माझ्याजवळ.

मी गप्प बसलो. आयुष्यभर गप्प बसलो ते नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मी गप्प बसलो ते हो म्हणण्यासाठी. अप्पांनी मला दुसरं काही जमणार नाही हे ओळखलं होतं, आणि जे जमतं तेवढंच मागितलं होतं.

गाडी चढ चढून एका पत्र्याच्या ओसरीपुढं थांबली, म्हणजे थांबलीच. अप्पा उतरले, वेटोळं खांद्यावर टाकून भिंतीच्या कडेनं खिडकी शोधत निघाले. मी गाडीतच. ओसरीवर मुलगी आली. तिला त्या अवस्थेत बघून मला पहिल्यांदा तिची आई आठवली, मग काही आठवेनासं झालं. ती गाडीपर्यंत आली, काचेवर वाकली.

"तुमीबी चार्जिंगला बसलाव का बाबा?"

मला हसू आलं नाही, दुसरंच काही आलं. ती म्हणाली, "उतरा. वायर खिडकीतनं जायलीय, तुमी दारातनं या."

आत तिची सासू होती, हातातलं पीठ झटकत. मी काय बोलावं याची वाटेत जुळवाजुळव करायला हवी होती, केली नव्हती. मी म्हणालो, "न्यायला आलोय." बाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "लई वाट बघायला लावलाव अण्णा." त्या आवाजात राग होता आणि तो मला हवासा वाटला. मग ती म्हणाली, "बसा. गाडी भरूपतूर स्वयंपाक होतोय."

आम्ही दुपारभर बसलो. अप्पांनी दोनदा भाकरी मागून घेतली आणि भिंतीला टेकून झोपून गेले. मी रिकाम्या हातानं आलेलो, नारळ नाही, खण नाही. निघताना त्या बाईनं आपल्याच डब्यातले तांदूळ, आपल्याच देवापुढचा नारळ घेतला आणि माझ्या मुलीची ओटी भरली. "आईनं भरायची असती. मी भरते," म्हणाली. मला कमीपणा येऊ नये म्हणून तिनं हे मी दुसऱ्या खोलीत असताना केलं. मला दारातून दिसलं. या सगळ्या माणसांची मी जात बघितली होती.

बाळंतपण बिदरला सुखरूप झालं. अप्पांनी नातीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाळण्याला प्लग आहे का असं विचारलं होतं. नंतर दोन वर्षांनी गुलबर्ग्याला मुलाच्या घरी ते गेले, दुपारच्या झोपेत. मी भेटायला गेलो तेव्हा मुलं म्हणाली, तुम्ही कोण? मी म्हणालो, त्यांचा भाडेकरू. त्यापेक्षा जास्त काय सांगणार होतो? जे सांगायला हवं होतं ते हेच, आणि ते त्या रविवारी परतीच्या तराफ्यावर घडलं.

ऊन कललं होतं. त्या दिवसाची शेवटची खेप, तराफ्यावर आमची एकच गाडी. मुलगी मागं उशांना टेकून बसलेली. अप्पांनी या वेळी स्वतः उतरून प्लग लावला, दिवा बघितला आणि मला म्हणाले, "तुमी बसा मागं, तिच्याजवळ. मला हितं हवा लागू द्या." आणि जावयापाशी इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

पाणी दोन्ही बाजूंनी. मग तिनं विचारलं, "कामून आला न्हाईत बाबा लग्नाला?"

वर्तमानपत्र नव्हतं. उतरून जायलाही जागा नव्हती.

मी म्हणालो, "आलो होतो."

ती माझ्याकडे वळली.

"काठापर्यंत आलो होतो. नवा सदरा घातला होता. तुझ्या आईचं मंगळसूत्र होतं खिशात, तुला द्यायला. तराफा माझ्यासाठी परत आला. तुझा नवरा स्वतः आला, बाशिंग बांधलेला. मी चिंचेच्या झाडामागं उभा राहिलो. तो थांबला, काठावर नजर फिरवली, गेला. मग पुन्हा आला. मी झाडामागून निघालो नाही. लोक काय म्हणतील असं नव्हतं गं. ते तर म्हणून झालं होतं. एकदा गप्प बसलो होतो, आता बोलायचं तर सुरुवात कुठून करायची, ते कळेना."

तिनं ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "ठाऊक हाय. ह्यांनी बघितलं होतं तुमाला. झाडामागं तुमचा सदरा दिसायलता म्हने. मला तेवढंच सांगितलं, दुसऱ्या कुनाला न्हाई."

"मग हाक का..."

"बोलवून आनलं तर ते येनं न्हाई म्हनले."

मी रडलो. हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, समजूत काढली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "सांगा न पुढं. मंगळसूत्र घेऊन काय केलाव? घरी कशानं गेलाव? जेवलाव का न्हाई त्या दिवशी?"

मी सांगायला लागलो. कुठं बसलो, कोणती बस मिळाली, कंडक्टरनं सदऱ्याकडे बघून लग्नाला चाललात का काका असं कसं विचारलं. मला माहीत नव्हतं माझ्याजवळ इतकं साठलेलं आहे. काठ जवळ आला होता. फळ्या टाकायची वेळ झाली. समोरच्या काचेतून मला दिसलं, अप्पांनी मान वळवून एकदा गाडीत बघितलं. दिव्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. जावयाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"अजून भरली न्हाई रे. एक चक्कर मार पान्यातनं."

जावयानं काही विचारलं नाही. तराफा काठाला लागता लागता वळला, आणि मी बोलत राहिलो.